मूळव्याधच असेल

(पोस्ट मोठी आहे. विषय अवघड जागेचा आहे. जेवताना वाचू नका, पण वाचा.)

आपल्याकडे म्हण आहे, अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. आपण ती हसण्यावारी नेतो. गेल्या वर्षी मला कळलं की माझ्या एका जिवाभावाच्या मित्राच्या बाबतीत तो जावई मी होतो.

नवीन लोकांसाठी सांगतो. मी तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो. डी. फार्म करून दुकान टाकलं त्याला २२ वर्षं झाली. दुकान एस. टी. स्टँडसमोर. काउंटरवर बसलं की समोरच्या भिंतीवर पिवळ्या रंगात रंगवलेलं दिसतं: 'मूळव्याध, भगंदर, फिशर. बिना ऑपरेशन, १०० टक्के गॅरंटी.' मधे एकदा सहज मोजलं. स्टँडपासून मार्केट यार्डापर्यंत अशा अकरा पाट्या आहेत. भिंतीवर, विजेच्या खांबावर, रिक्षाच्या मागे, एक तर शाळेच्या कंपाउंडला. म्हणजे या जागेबद्दल आपल्या गावात कोणी बोलत नाही असं नाही. भिंती बोलतात. माणसं बोलत नाहीत.

ज्याची ही गोष्ट आहे त्याला आपण महेश म्हणू. नाव, धंदा, गाव सगळं बदललंय. त्याच्या परवानगीने लिहितोय. लिहून झाल्यावर त्याला वाचून दाखवलं. त्याने दोन ठिकाणी खोडायला लावलं आणि एका ठिकाणी म्हणाला, "हे कमी लिहिलंस. नीट लिही." ती जागा पुढे येईल.

महेश आणि मी पाचवीपासून एका बाकावर. आता त्याचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. लग्नसराईत पुण्या-मुंबईपर्यंत जातो. बायको, एक मुलगी, घरात आई. गावात वजन असलेला माणूस. रोज रात्री दुकान बंद करायच्या वेळेला माझ्याकडे येऊन स्टुलावर बसायचा, अर्धा तास गप्पा, मग घरी.

दिवाळीनंतरची गोष्ट. शटर अर्धं खाली ओढलं होतं. महेश हळूच म्हणाला, "संडासला रक्त पडतंय रे."

मी मान वर न करता म्हणलं, "मूळव्याधच असेल. तिखट कमी कर, पाणी पी." आणि एक मलमाची ट्यूब आणि इसबगोलचा डबा दिला. पैसे घेतले नाहीत. तेवढाच मित्रधर्म.

तीन आठवड्यांनी परत आला. आता दुखत होतं. चिकट पडत होतं. दिवसातून आठ-दहा वेळा जाऊन बसायचं, कुंथायचं, आणि हाताला काही लागायचं नाही. मी म्हणलं, आव झालीय. अमिबाच्या गोळ्या दिल्या, सोबत अँटिबायोटिकची एक पट्टी. चिठ्ठी कोणाची? कोणाची नाही. हे बेकायदा आहे, मला माहिती आहे, इथे वाचणाऱ्या अर्ध्या मेडिकलवाल्यांनाही माहिती आहे. तरी रोज चालतं. माझ्याकडेही चाललं. लपवत नाही.

पुढे तो त्या पिवळ्या पाट्यांपैकी एका ठिकाणी गेला. तीन मिनिटं पडद्याआड बघितलं, 'दुसऱ्या स्टेजची मूळव्याध अधिक फिशर' असं सांगितलं आणि पॅकेज दिलं. अठरा हजार गेले. दुखणं वाढलं. मग मोठ्या शहरातल्या पोटाच्या स्पेशालिस्टकडे. दुर्बिणीतून तपासणी झाली, तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टमध्ये मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आणि व्रण. 'क्रोन्स असू शकतो, कोलायटिस असू शकतो, गोळ्या बहुतेक कायमच्या' असं सांगितलं. गोळ्या महाग. महिन्याचं बिल मीच फाडत होतो म्हणून मला आकडा माहिती आहे. नऊ किलो वजन उतरलं. गावात कुजबुज सुरू झाली की महेशला कॅन्सर झालाय. आईने नवस बोलला. तो माझ्या स्टुलावर बसायचा बंद झाला, कारण बसवतच नव्हतं.

या सगळ्यात आठ महिने गेले.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी प्रश्न खूप विचारले होते. घरात कोणाला आतड्याचा त्रास आहे का, तंबाखू, दारू, दूध पचतं का, टेन्शन आहे का. फक्त एक प्रश्न नाही विचारला. मीही नाही विचारला. पिवळ्या पाटीवाल्याने विचारायचा तर प्रश्नच नव्हता.

पैसे संपले तेव्हा महेश एका सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेला. सोबत बायको आणि धाकटा भाऊ. तिथे एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. तिने फाईल चाळली आणि बाकीच्यांना म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर थांबा, पेशंटशी एकट्याशी बोलायचंय." दार लावलं. आणि जेवणाखाण्याचं विचारतात त्याच आवाजात म्हणाली, "हे मी सगळ्यांनाच विचारते, तुम्हाला एकट्याला नाही. गेल्या वर्षभरात शारीरिक संबंध कोणाकोणाशी आले? बाईशी, पुरुषाशी, की दोघांशी? मागच्या बाजूने आले का?"

महेश सांगतो, त्याने आधी दाराकडे बघितलं, कडी नीट लागलीय का ते. मग सांगितलं. एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा कोणालातरी सांगितलं. ती दचकली नाही, हसली नाही, उपदेश केला नाही. लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला, "निरोध वापरला होता?"

मग तपासण्या झाल्या. त्या जागेतून कापसाच्या काडीने नमुना घेतला. रक्त घेतलं, व्हीडीआरएलसाठी, हिपॅटायटिस बीसाठी, आणि समुपदेशन करून, संमती घेऊन एचआयव्हीसाठी. एचआयव्ही नव्हता. तीन महिन्यांनी परत केली तेव्हाही नव्हता. पण सिफिलिस होता. आणि काडीच्या नमुन्यात क्लॅमिडिया सापडला.

क्लॅमिडिया नावाच्या जंतूचा एक जहाल प्रकार आहे, इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला एलजीव्ही म्हणतात. तो गुदाशयात बसला की आतून जे चित्र दिसतं ते क्रोन्ससारखंच दिसतं. दुर्बिणीतूनही तसं, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तरी तसंच. क्लॅमिडियाचा नेमका प्रकार ओळखायची चाचणी सहज होत नाही, म्हणून डॉक्टरांनी लक्षणांवरून तो धरून चालून एकवीस दिवसांचा डॉक्सिसायक्लिनचा कोर्स दिला. सिफिलिससाठी पेनिसिलिनचं इंजेक्शन, २४ लाख युनिटचं. दुखतं फार, पण किमतीला किरकोळ. सिफिलिसवर पेनिसिलिन चालतं हे १९४३ पासून माहिती आहे. माझ्या वडिलांच्या जन्माच्या आधीपासून.

दोन आठवडे होत आले तेव्हा त्याचा सकाळी सहाला फोन आला. "अरे, आज रक्त नाही." एवढंच बोलला आणि ठेवला. ज्या दुखण्याला आठ महिने आणि लाखाच्या वर पैसे गेले, ते केसपेपरच्या पैशात बरं झालं.

मला हे सगळं त्याने नंतर सांगितलं. कॅनॉलच्या रस्त्याला गाडी लावून, माझ्याकडे न बघता. मी ऐकून घेतलं. आणि मग मूर्खासारखा प्रश्न विचारला, "मला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "तुझ्या दुकानात?"

आणि त्याने मला एक प्रसंग आठवून दिला. महेशने 'नीट लिही' म्हणून सांगितलेली जागा ही.

दोन-तीन वर्षांपूर्वी कॉलेजची दोन पोरं दुकानात आली होती. कंडोम आणि जेली मागितली. खाली मान घालून, चिल्लर मोजून पैसे दिले आणि गेली. ती पायरी उतरायच्या आत मी मोठ्याने काहीतरी बोललो. काय बोललो ते मी पहिल्या मसुद्यात 'एक विनोद केला' एवढंच लिहिलं होतं. महेश म्हणाला, विनोद काय होता ते लिही. तर लिहितो. मी म्हणलं, "यातली बायको कुठली आणि नवरा कुठला, जीएसटी कोणाच्या नावाने फाडू?" दुकानात चार-पाच जण होते, सगळे हसले. पोरांनी ऐकलं असणार, कारण त्यातल्या एकाने मागे वळून बघितलं. स्टुलावर महेश होता. मला पक्कं आठवतंय, सगळ्यात मोठ्याने तो हसला होता.

६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ३७७ कलमाचा निकाल दिला, दोन सज्ञान माणसांनी संमतीने ठेवलेले संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं, त्या संध्याकाळीसुद्धा मी काउंटरवर बसून 'आता हेच बघायचं राहिलं होतं' असं म्हणलेलो. तेही त्याला आठवत होतं. मला नव्हतं.

म्हणजे माझा मित्र रोज रात्री अर्धा तास माझ्यासमोर बसत होता, आणि त्याला काय झालंय ते मला सांगायची सोय मीच बंद करून ठेवली होती. मलमाची ट्यूब ही नंतरची चूक. पहिली चूक ती.

त्यानंतर मी या विषयाचं वाचायला बसलो. बावीस वर्षं औषधं विकतोय आणि हे मला नीट माहिती नव्हतं, याची लाज वाटली. जे समजलं ते साध्या भाषेत सांगतो. डॉक्टर मंडळी यादीत आहेत, चुकलं तर दुरुस्त करा.

आपली समजूत अशी की गुप्तरोग म्हणजे लघवीच्या जागेचा रोग. तसं नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत पचनाची जी एक नळी आहे तिच्या दोन्ही टोकांना हे रोग होऊ शकतात. गनोरिया, क्लॅमिडिया, सिफिलिस, नागिणीच्या भावकीतला हर्पिस, हे चारही गुदाशयात होतात. गनोरिया घशात होतो आणि बहुतेक वेळा तिथे काहीच त्रास देत नाही, गुपचूप बसून राहतो. एचपीव्ही हा विषाणू आपण गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमुळे ओळखतो, तोच गुदद्वाराच्या आणि घशाच्या काही कॅन्सरलाही कारण असतो.

आणि हे फक्त पुरुषांनी पुरुषांशी संबंध ठेवल्यानेच होतं असंही नाही. बायकांना होतं. नवरा-बायकोत होतं. गनोरियासारखा आजार असलेल्या बाईला तर मागच्या बाजूने संबंध न येतासुद्धा तिथे लागण होऊ शकते, कारण दोन्ही जागा शेजारी आहेत आणि स्राव पसरतो. तेव्हा 'हे त्यांचे रोग' असं म्हणून कोणी निवांत बसू नये.

लक्षणं कोणती? बऱ्याचदा काहीच नाही. असली तर अशी: रक्त पडणं, चिकट किंवा पू पडणं, दुखणं, सारखी भावना होणं आणि कुंथूनही काही न होणं. आता ही यादी त्या पिवळ्या पाटीवरच्या यादीशी ताडून बघा. शब्दाला शब्द तीच आहे. म्हणूनच घोटाळा होतो.

सिफिलिसचं तर अजून वाईट. त्याची पहिली जखम गुदद्वाराशी झाली तर फिशरसारखी दिसते. आणि ती काही उपचार न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. रोग जात नाही, जखम जाते. रोग रक्तात राहतो आणि पुढे काही महिन्यांनी, काही वर्षांनी डोकं वर काढतो. मधल्या काळात माणूस म्हणतो, त्या ट्यूबने गुण आला बघ. असे किती 'गुण' माझ्या नावावर जमा असतील देव जाणे.

आणखी एक. नुसती लघवी तपासून हे कळत नाही. लघवीची तपासणी स्वच्छ येते आणि गुदाशयात किंवा घशात जंतू तसाच असतो. जिथे संबंध आला तिथला नमुना घ्यावा लागतो. तो घ्यायचा तर आधी कुठे संबंध आला ते विचारावं लागतं. म्हणजे गाडी फिरून त्याच प्रश्नावर येते.

दुसरा एक प्रकार आहे, त्यात उलट होतं. शिगेला, जिआर्डिया, अमिबा, हिपॅटायटिस ए हे पोटाचे नेहमीचे आजार. आपल्याकडे ते मुख्यतः घाण पाण्यातून आणि अन्नातून येतात. पण एकाच्या विष्ठेतला कण दुसऱ्याच्या तोंडात गेला की झालं, आणि संबंधांच्या वेळी हात-तोंड-ती जागा यातून तो जाऊ शकतो. शिगेलाला तर दहा ते शंभर जंतू पुरतात. ते डोळ्याला दिसतसुद्धा नाहीत. यात निरोधाने सगळं थांबत नाही. आधी-नंतर साबणाने धुणं, आणि जुलाब चालू असताना आणि थांबल्यावरही काही दिवस संबंध टाळणं, हे करावं लागतं. हिपॅटायटिस ए आणि बी दोन्हींची लस मिळते. ब्रिटनमध्ये गेल्या काही वर्षांत असा शिगेला पसरलाय ज्याला नेहमीची अँटिबायोटिक लागूच पडत नाहीत. हे वाचलं आणि मी महेशला न विचारता दिलेली ती पट्टी आठवली. जंतूंना औषधाची सवय लावायचा उद्योग आम्ही काउंटरवर बसून रोज करतो.

एक इतिहासही सांगतो, कारण तो माझ्या विनोदाच्या जवळचा आहे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या काही डॉक्टरांनी गुदाशयाच्या अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या समलिंगी पुरुषांच्या केसेस एकत्र केल्या आणि त्याला नाव दिलं 'गे बॉवेल सिंड्रोम'. म्हणजे 'समलिंगी लोकांच्या आतड्याचा आजार'. पुढे वैद्यकशास्त्राने हे नाव टाकून दिलं. कारण तो एक आजार नव्हताच, पाच-सात वेगवेगळे जंतू होते, प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि ते कोणालाही होऊ शकत होते. नाव जंतूला द्यायचं ते माणसाला दिलं. २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला एलजीव्हीची साथ उघडकीला आली तेव्हा तिकडचे डॉक्टरही गोंधळले होते, कारण हा रोग उष्ण देशांतला, आपल्याकडे नाही, असं ते धरून चालले होते. म्हणजे तिकडे 'हा आमच्याकडचा रोग नाही', इकडे 'ही आमच्याकडची माणसं नाहीत'. दोन्हीकडे पेशंट मधल्या मधे.

आता गैरसमज नको म्हणून स्पष्ट लिहितो. रक्त पडणाऱ्या प्रत्येकाला हा आजार असतो असं मी म्हणत नाही. बहुतेकांना मूळव्याध किंवा फिशरच असतं. वय वाढल्यावर रक्त पडत असेल तर आतड्याचा कॅन्सर नाही ना, हेही बघावंच लागतं. मी एवढंच म्हणतोय की 'मूळव्याधच असेल' यातला तो 'च' आपण न तपासता लावतो.

काही जण कॉमेंटमध्ये विचारतील, म्हणून आधीच सांगतो: बायकोचं काय?

वहिनींना सांगणं हा या सगळ्यातला सर्वात कठीण भाग होता आणि त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवून बोलायला मदत केली. वहिनींच्या तपासण्या निगेटिव्ह आल्या, तरी जोडीदाराला सिफिलिस होता म्हणून त्यांनाही इंजेक्शन दिलं, तशी पद्धतच आहे. महेशने त्यांची फसवणूक केली का? केली. तो स्वतः तसंच म्हणतो. मी त्याची वकिली करत नाही. पण एक हिशेब बघा. आठ महिने महेशचं निदान चुकलं, म्हणजे आठ महिने वहिनींना धोका होता. त्यांचा काय दोष? त्या गरोदर असत्या तर सिफिलिस पोटातल्या बाळापर्यंत गेला असता. 'असल्या' माणसाला आपण बोलू दिलं नाही तर किंमत तो एकटा मोजत नाही. त्याच्या घरात आपल्या ओळखीची वहिनी असते, पुतणी असते.

दोघं अजून एका घरात आहेत. पुढचं त्यांचं ते बघतील. वहिनी माझ्या दुकानात येतात, बोलतात. एकदा म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला तरी कळायला पायजे होतं." मी काही बोललो नाही.

आता सार्वजनिक मुद्दा, ज्यासाठी ही पोस्ट लिहिली.

या आजारांसाठी सरकारची सोय आहे. खोटं वाटेल, पण आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयं आणि मेडिकल कॉलेजांत 'सुरक्षा क्लिनिक' चालतात. तपासणी, समुपदेशन, औषध, सगळं मोफत. औषधांची रंगवार, नंबर घातलेली किट असतात, म्हणजे लक्षणावरून त्याच दिवशी औषध सुरू करता येतं. त्यातलं एक नंबरचं राखाडी किट जसं लघवीच्या जागेच्या स्रावासाठी, तसंच गुदद्वारातून येणाऱ्या स्रावासाठीही आहे. म्हणजे कागदावर महेशची तक्रार ज्याने कोणी लिहायची त्याने कधीच लिहून ठेवली आहे. १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर आहे. एचआयव्ही चाचणी संमतीशिवाय करायची नाही आणि माहिती फोडायची नाही, असा २०१७ चा कायदा आहे. समलिंगी पुरुषांसाठी मुंबईत हमसफर ट्रस्ट, पुण्यात समपथिक ट्रस्ट वर्षानुवर्षं काम करताहेत.

मग अडलं कुठे? मी स्वतः एका जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन आलो. सुरक्षा क्लिनिक कुठे, असं चौकशीच्या खिडकीत विचारलं. तिथल्या माणसाने आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मग मोठ्याने विचारलं, "कशासाठी?" माझ्यामागे दहा-बारा लोक रांगेत होते. मी फक्त चौकशीला गेलो होतो, तरी माझे कान गरम झाले. त्या प्रश्नाला महेशने काय उत्तर दिलं असतं? तो तिथूनच मागे फिरला असता आणि पिवळ्या पाटीकडे गेला असता. पाटीवाला निदान 'या बसा' म्हणतो. आत गेल्यावर मात्र क्लिनिकमधली माणसं चांगली भेटली, नीट बोलली. अडचण खिडकीपासून खोलीपर्यंतच्या त्या तीस पावलांची आहे.

म्हणून माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आपल्या भागातल्या जिल्हा परिषद सदस्यांनी, आमदारांच्या कार्यालयाने, रुग्ण कल्याण समितीवर जे कोणी असतील त्यांनी, एवढं बघावं:

एक, सुरक्षा क्लिनिकची दिशा दाखवणारी पाटी गेटपासून लावा, म्हणजे कोणाला विचारावंच लागणार नाही.

दोन, खिडकीवर 'कशासाठी' हा प्रश्न बंद करा. खोली नंबर सांगा, बास.

तीन, उपजिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याला गुदद्वाराच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या प्रत्येक पेशंटला, बाई असो, पुरुष असो, तो प्रश्न एकांतात विचारला जावा. 'सगळ्यांनाच विचारते' या दोन शब्दांनी महेशचा जीव हलका केला. त्याला पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही.

आणि आम्हा मेडिकलवाल्यांनी काय करायचं? मी काय केलं ते सांगतो. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक बंद केली. गिऱ्हाईक तुटलं, थोडं परत आलं. मलम मागायला कोणी दुसऱ्यांदा आलं तर तिसऱ्यांदा देत नाही. बाजूला घेतो आणि म्हणतो, "हे मी सगळ्यांनाच सांगतो. मूळव्याधीसारखी दिसणारी दुसरीही दुखणी असतात, काही संबंधांतून लागतात. मला काही सांगू नका, पण डॉक्टरांना सगळं सांगा." आणि १०९७ लिहिलेली चिठ्ठी ट्यूबसोबत पिशवीत टाकतो. सुरुवातीला जीभ अडखळायची. एका काकांनी 'तोंड सांभाळून बोल' म्हणून सुनावलंही. पण आतापर्यंत तीन जण परत येऊन पुढे विचारून गेलेत. त्यातल्या एक बाई होत्या.

ती दोन पोरं मला परत दिसली नाहीत. त्यांनी गाव बदललं की फक्त दुकान बदललं, माहिती नाही. कदाचित ही पोस्ट त्यांच्यापर्यंत जाईल. पोरांनो, तुम्ही तेव्हा जे घ्यायला आला होता ते अगदी बरोबर घ्यायला आला होता. दुकानात सगळ्यात शहाणे तुम्ही दोघं होता. माझं चुकलं.

महेश परत रात्री स्टुलावर येऊन बसतो. काल ही पोस्ट वाचून झाल्यावर म्हणाला, "टाक. पण खाली कोणी फालतू कॉमेंट केली तर डिलीट करू नको. राहू दे. कोण हसतंय ते कळू दे."

तर तसंच करणार आहे.

(शेअर करायला परवानगी विचारू नका. कॉपी-पेस्ट केली तरी चालेल, फक्त १०९७ हा नंबर त्यात राहू द्या.)